मैदाने ओस पडली म्हणून निधी बंद करावा, हा युक्तिवाद तपासताना

स्थानिक परिषदांच्या अंदाजपत्रकावर चर्चा सुरू झाली की एक मजकूर हातोहात फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच असतो: मुलांच्या खेळाच्या मैदानांवर सार्वजनिक पैसा घालणे ही उधळपट्टी आहे. त्याची कारणेही ठरलेली असतात. मुले आता घरात मोबाइल घेऊन बसतात आणि मैदाने ओस पडतात; खेळणी बसवली की अल्पावधीत मोडतात; मूल पडून जखमी झाले तर परिषदेवर दावा येतो; ज्यांना लहान मुले नाहीत त्या करदात्यांनी हा भार का उचलावा; आधी रस्ते आणि गटारे व्हावीत; आणि इतकी आस्था असेल तर देणगीदारांनी किंवा रहिवाशांनी मैदान चालवावे. यांतली काही विधाने अगदीच निराधार नाहीत, म्हणून ती लोकांना पटतात. परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मान्य करून ठराव होतात तेव्हा नुकसान अशांचे होते ज्यांना मतदानाचा हक्कच नाही. म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासायला हवेत.

सर्वांत जास्त वजन दिले जाते ते मैदाने ओस पडल्याच्या निरीक्षणाला. रिकाम्या मैदानाचे छायाचित्र काढले जाते आणि मुलांनाच मैदान नको आहे, असा अर्थ त्याला चिकटवला जातो. पण मैदान रिकामे का आहे, याची कारणे आधी त्या मैदानातच शोधावी लागतात. झोपाळ्याची एक साखळी तुटली की बैठक काढून नेली जाते, उरलेली साखळी वरच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहते. भोवती एकही झाड नसल्याने घसरगुंडीचा पत्रा दिवसभर तापतो. मुलांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना बसायला सावलीतला बाक नसतो. फाटक ठरावीक वेळेलाच उघडते आणि ती वेळ नेमकी शाळेची असते. शेजारचा रस्ता सुरक्षितपणे ओलांडण्याची सोय नसल्याने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकटे पाठवता येत नाही. अशा ठिकाणी मुले येत नाहीत, यावरून त्यांच्या आवडीनिवडीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९९० च्या दशकात हाच प्रश्न अधिक काळजीपूर्वक हाताळला गेला. उद्यानांतल्या वावराच्या अभ्यासात असे दिसले की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलींची संख्या एकदम घटते, मुलग्यांची तशी घटत नाही. मुलींना मैदानी खेळांत रस नसतो असा शेरा मारून विषय संपवता आला असता. नगर प्रशासनाने त्याऐवजी दोन उद्यानांची फेररचना हाती घेतली: सलग मोठ्या मोकळ्या जागेचे लहान भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा दिली. थोराड मुलांच्या एकाच गटाने सगळी जागा व्यापण्याचा प्रकार त्यामुळे कमी झाला आणि मुलींचा वावर वाढला. माणसे तीच, वस्ती तीच. बदलली ती जागेची आखणी आणि तीमागचा प्रशासकीय निर्णय.

मोबाइलचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी. या संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४६ देशांच्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले एवढी हालचाल करत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. केवळ मैदाने बांधून हे चित्र पालटेल असा दावा मी करणार नाही. पण मुले घरात अडकली आहेत म्हणून घराबाहेरच्या जागा बंद कराव्यात, हा युक्तिवाद आजार पाहून औषध थांबवण्यासारखा आहे.

खेळणी लवकर मोडतात, या मुद्द्यावर अधिक वेळ थांबणे भाग आहे, कारण सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. खेळणी मोडतात हे खरेच आहे, पण ती का मोडतात याचे उत्तर अंदाजपत्रकाच्या रचनेत सापडते. नवे मैदान उभारणे हा भांडवली खर्च. त्यासाठी अनेकदा वरिष्ठ सरकारचे अनुदान मिळते, निविदा निघते, उद्घाटन होते. त्यानंतरची तपासणी, वंगण, सुट्या भागांची बदली, साफसफाई आणि ही कामे करणाऱ्या माणसांचे वेतन हा महसुली खर्च. तो वर्षानुवर्षे परिषदेच्या नेहमीच्या उत्पन्नातून भागवावा लागतो, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. भांडवली अनुदान देखभालीकडे वळवण्याची मुभा बहुतेकदा नसते. त्यामुळे एकाच वर्षी एकीकडे नवे मैदान उभे राहते आणि दुसरीकडे चांगले मैदान डोळ्यांदेखत मोडकळीला येते, आणि दोन्ही गोष्टी नियमाला धरून झालेल्या असतात.

मैदानावरील साधनांसाठी ईएन ११७६ हे युरोपीय मानक आहे. त्याचा सातवा भाग साधनांची उभारणी, तपासणी, देखभाल आणि वापर यांविषयीच आहे. त्यात तपासणीचे तीन स्तर सांगितले आहेत: नेहमीची नजरेने होणारी पाहणी, जी वर्दळीच्या ठिकाणी रोजही करावी लागते, एक ते तीन महिन्यांनी साधनांची मजबुती आणि झीज पाहणारी तपासणी, आणि वर्षातून एकदा पायापासून होणारी सर्वंकष तपासणी. झोपाळ्याची साखळी ज्या कडीत अडकवलेली असते ती कडी एकाच जागी घासून पातळ होत जाते. दुसऱ्या स्तराची तपासणी वेळेवर झाली तर ही झीज दिसते आणि कडी तेवढी बदलता येते. तपासणीच झाली नाही तर कडी तुटते, मूल पडते, झोपाळा बंद केला जातो आणि पुढच्या बैठकीत तोच बंद झोपाळा उधळपट्टीचा पुरावा म्हणून मांडला जातो.

जमिनीचेही तसेच आहे. खेळण्यांखाली वाळू किंवा लाकडाच्या सालींचा भराव असेल तर मुलांच्या पायांनी तो बाजूला सरकतो आणि जिथे पडण्याची शक्यता सर्वाधिक, नेमका तिथेच खड्डा होतो. दोन मीटरपर्यंतच्या उंचीसाठी अशा भरावाची जाडी २०० मिलिमीटर असावी आणि तो सरकणार हे गृहीत धरून आणखी १०० मिलिमीटर टाकावी, असे हेच मानक सांगते. हा भराव फावड्याने पुन्हा सारखा करण्याला कोणतेही विशेष तंत्रज्ञान लागत नाही. त्यासाठी नेमलेला माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या वेतनाची तरतूद लागते.

टिकाऊ मैदान महागच असते, असेही नाही. ॲमस्टरडॅमच्या नगररचना विभागात काम करणारे तरुण वास्तुविशारद आल्डो व्हान आयक यांनी १९४७ मध्ये शहरातल्या एका चौकात पहिले मैदान आखले. त्यात रुंद काठाचा वाळूचा हौद, चार गोल दगड, कोलांट्या मारण्यासाठी दांड्या, कडेने झाडे आणि पाच बाक एवढेच होते. ते पाहून इतर वस्त्यांतील रहिवासी आपल्याकडेही असेच मैदान व्हावे म्हणून प्रशासनाला पत्रे लिहू लागले, आणि १९७८ पर्यंत त्या शहरात सातशेहून अधिक मैदाने तयार झाली. त्यांपैकी कितीतरी युद्धानंतर पडून राहिलेल्या भूखंडांवर होती. परिषद महागडी रंगीत खेळणी एकगठ्ठा विकत घेते आणि त्यांचे सुटे भाग पुढे मिळत नाहीत, ही तक्रार मला रास्त वाटते. पण ती तक्रार खरेदीच्या पद्धतीविरुद्ध आहे, आणि ती त्याच स्वरूपात मांडली गेली पाहिजे.

आता अपघातांची भीती. ईएन ११७६ मध्ये पडण्याची कमाल उंची तीन मीटरपर्यंत मर्यादित केलेली आहे, आणि खालची जमीन डोक्याला बसणारा आघात किती शोषते याची चाचणी ईएन ११७७ या मानकानुसार होते. म्हणजे गंभीर इजा टाळण्याची रीत ठाऊक आहे. खरचटणे, क्वचित हात मोडणे हे मात्र पूर्णपणे टाळता येत नाही, आणि तसा आग्रह धरू नये असे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनेच २०१२ च्या आपल्या निवेदनात स्पष्ट केले: जोखीम समूळ नाहीशी करणे हे ध्येय नसून जोखीम आणि लाभ यांचा तोल पाहणे हे ध्येय आहे. दाव्याच्या प्रसंगी परिषदेला खरा आधार देतात त्या तपासणीच्या नोंदी, आणि त्या ठेवायच्या तर पुन्हा देखभालीचाच पैसा लागतो. डेन्मार्कमध्ये उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेनसेन यांच्या कल्पनेतून १९४३ मध्ये एम्ड्रुप येथे मैदान सुरू झाले, तेव्हा मुलांच्या हाती फळ्या, विटा आणि हत्यारे दिली गेली. तिथे मुलांसोबत एक जाणता प्रौढ कायम नेमलेला होता. मैदान बंद केल्याने पडणे थांबत नाही. मुले रस्त्यावर किंवा अर्धवट बांधकामांवर खेळू लागतात, जिथे कोणतेच मानक लागू नसते.

ज्यांना मुले नाहीत त्यांनी पैसे का द्यावेत, या प्रश्नाला फार मोठ्या उत्तराची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ खेळाला मुलाचा हक्क मानते. भारताच्या राज्यघटनेत १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा उल्लेख आहे. वेल्समध्ये तर स्थानिक प्रशासनावर, मुलांना खेळण्याची पुरेशी संधी आहे का याचे मूल्यमापन करण्याचे २०१२ पासून आणि शक्य तितकी ती पुरवण्याचे २०१४ पासून कायदेशीर बंधन आहे. शाळा किंवा पथदिवे यांचा खर्चही जो तो आपापल्या वापराच्या प्रमाणात देत नाही.

आधी रस्ते आणि गटारे, या मागणीमागची अडचण मला समजते. ज्यांच्या दारात सांडपाणी साचते त्यांचा संताप खराच आहे. परंतु मैदानाचे लेखाशीर्ष रद्द केल्याने गटार होईल, हे आकड्यांनिशी दाखवण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यांवर आहे, आणि सहसा ती पार पाडली जात नाही. शिवाय ही दोन कामे एकमेकांच्या आड येतातच असेही नाही. रॉटरडॅममध्ये २०१३ मध्ये खुल्या झालेल्या बेन्थेमप्लेन या चौकात पावसाचे पाणी साठवणारे तीन खोलगट भाग आहेत. मुसळधार पावसात ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे गटारांवरचा ताण कमी होतो, आणि कोरड्या दिवसांत त्यांतल्या सर्वांत खोल भागात मुले बास्केटबॉल खेळतात.

राहिला देणगीदारांचा पर्याय. देणगी स्वागतार्ह आहे, पण देणगीतून येतात ती खेळणी. ती पुढची पंधरा वर्षे कोण सांभाळणार, हे देणगीपत्रात क्वचितच लिहिलेले असते. देणगीदार वस्तीही स्वतः निवडतो, आणि जिथे घरे सर्वांत लहान आहेत तिथे तो सहसा पोहोचत नाही. रहिवाशांच्या समित्या चांगले काम करतात, मात्र त्याला मोकळा वेळ आणि थोडी ऐपत लागते. अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळता यावे ही अपेक्षा २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम ३० मध्ये नोंदलेली आहे, आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार करण्याची सक्ती फक्त सार्वजनिक संस्थेवरच परिणामकारकपणे करता येते.

एखादे मैदान खरोखरच चुकीच्या जागी असू शकते आणि ते हलवणे योग्य ठरू शकते, हे मान्य. तसा प्रस्ताव सभेपुढे येईल तेव्हा त्यासोबत त्या मैदानाच्या तपासणीच्या नोंदी, त्यावर वर्षनिहाय झालेला देखभालीचा खर्च, मुलांना चालत गाठता येईल अशा पर्यायी जागेचा नकाशा आणि तिथे खेळणाऱ्या मुलामुलींना विचारून घेतलेले लेखी म्हणणे जोडलेले असावे. हे कागद नसतील तर तो विषय मतदानाला घेऊ नये.