नाव गुप्त ठेवावे ही विनंती

वडील गेले. घराच्या कागदावर आईचं नाव लावायचं होतं. एवढंच काम. कुणाची जमीन लाटायची नव्हती, कुठलं टेंडर मिळवायचं नव्हतं. सगळी कागदपत्रं जोडली, झेरॉक्सवर सह्या केल्या, फी भरली, पावती घेतली. चार महिने झाले. फाईल तिथेच.

पहिल्यांदा "साहेब रजेवर". मग "सर्व्हर बंद". मग "अर्जात त्रुटी". कुठली त्रुटी ते लिहून द्या म्हटलं, तर बाबू माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच त्याच्याकडे पैसे मागितले. पाचव्या खेपेला मला कळलं की काही फाइलींच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची बारीक टिक असते. त्या वरच्या गठ्ठ्यात. माझी कोरी, म्हणून खालच्या गठ्ठ्यात. तोंडाने त्याने एक आकडाही उच्चारला नाही हो! "तुम्ही बघा, तुम्हाला किती घाई आहे ते." बस. आता जा आणि दे पुरावा.

त्याच्या डोक्यावर पोस्टर आहे, लाच देणे-घेणे गुन्हा आहे म्हणून. तक्रारीचा फोन नंबरही छापलाय. शेवटचे तीन आकडे कपाटामागे. ते कपाट तिथे कुणी सरकवलं, देव जाणे.

मग मी शहाणपणा केला. ऑनलाइन तक्रार नोंदवली. तारखा, खेपा, पेन्सिलीची टिक, सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, "काम अडकू नये म्हणून माझे नाव गुप्त ठेवावे ही विनंती." अकराव्या दिवशी फोन आला. कुणाचा? त्याच बाबूचा! माझीच तक्रार मला वाचून दाखवली, एकेक ओळ, अगदी निवांत. शेवटची विनंतीसुद्धा वाचली. आणि हसला.

दोन दिवसांनी मेसेज: "संबंधित कर्मचाऱ्यास विचारणा केली असता असा प्रकार घडला नसल्याचे त्यांनी कळविले आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." अरे, चोराला विचारलं चोरी केलीस का, तो नाही म्हणाला, आणि तुम्ही दप्तर बंद केलंत? याला चौकशी म्हणतात? चौथीतल्या पोराचं पेन हरवलं तरी बाई याहून जास्त चौकशी करतात.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून जगात हे कुठे सुधारलंय का ते वाचत बसलो. हाँगकाँगमध्ये पूर्वी पोलिसांच्या लाचखोरीची चौकशी पोलिसांचाच एक विभाग करायचा. म्हणजे आपलाच प्रकार. 1973 मध्ये पीटर गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी बेहिशेबी मालमत्तेच्या चौकशीत सापडला, आणि चौकशी चालू असताना स्वतःचा पोलीस पास दाखवून विमानतळावरून सटकला आणि लंडन गाठलं. लोक रस्त्यावर उतरले. 1974 मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळी, थेट गव्हर्नरला जबाबदार अशी यंत्रणा उभी राहिली. 1975 मध्ये गॉडबरला परत आणलं आणि चार वर्षं आत टाकलं. हेही काही गोड गोड घडलं नाही बरं का. 1977 मध्ये चिडलेले पोलीस त्या यंत्रणेच्या ऑफिसात घुसले, मारामारी झाली, आणि गव्हर्नरला जुन्या बऱ्याच प्रकरणांवर पाणी सोडावं लागलं. पण यंत्रणा टिकली. सिंगापूरने तर हे 1952 मध्येच केलं. अफूच्या चोरीत पोलीसच सामील निघाले, तेव्हा कुठे डोळे उघडले.

म्हणजे औषध माहीत आहे, सत्तर वर्षांपासून! तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या खात्याबाहेर गेली पाहिजे. यात कुठलं रॉकेट सायन्स आहे? संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार 2003 मध्ये झाला. तपास यंत्रणा स्वतंत्र हवी हे त्यात आहे. तक्रार करणाऱ्याला संरक्षण देण्याचा विचार करा, हेही आहे. बहुतेक सगळ्या देशांनी तो स्वीकारलाय. दरवर्षी 9 डिसेंबरला त्याचा दिवससुद्धा पाळतात. शपथा होतात, फोटो निघतात, सचोटीवर भाषणं होतात. आणि 10 डिसेंबरला फाईल खालच्याच गठ्ठ्यात.

वर कुणीतरी शहाणा भेटतोच, "लोक देतात म्हणून ते घेतात." त्याला एकदा माझ्या आईशेजारी त्या बाकावर बसवा. गुडघे धरून, पाचव्यांदा. मग विचारा तो किती दिवस तत्त्वाला चिकटून राहतो. (मी अजून दिलेले नाहीत. पण पाकिटाला हात लागला होता, खोटं कशाला बोलू.)

आणि "सगळं ऑनलाइन केलंय आता" हे तर सांगूच नका. अर्ज ऑनलाइन, मंजुरीचं बटण मात्र त्याच बाबूच्या टेबलावर. किती दिवसांत ते दाबायचं याचं बंधन कागदावर असेलही, पण नाही दाबलं म्हणून त्याच्या खिशातून एक छदाम गेलेला मी तरी पाहिला नाही. पूर्वी उन्हात उभं राहायचो, आता घरी बसून "प्रक्रियेत आहे" वाचतो. फार बोभाटा झाला तर त्याची बदली होईल. म्हणजे दुसऱ्या खिडकीवर दुसरी पेन्सिल.

काल अपील टाकलं. या वेळी ती विनंतीची ओळ लिहिलीच नाही. वरच नाव घातलं, ठळक, पत्त्यासकट. पाच मिनिटांत पोच आली: "आपले अपील पुढील कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आले आहे."

कुठल्या कार्यालयाकडे, ते खाली लिहिलंय. तेच.