निळूभाऊंना जर्मनीत दाखवायचं तर

अधूनमधून हा वाद पुन्हा पेटतो. निळू फुले यांच्या चित्राखाली ‘बाई, वाड्यावर या’ असं लिहिलेली मीम आणि स्टिकर फोनवर फिरतात. एक बाजू म्हणते, एवढ्या मोठ्या नटाची ही विटंबना थांबवा. दुसरी म्हणते, नव्या पोरांना त्यांचं नाव तरी माहीत आहे, ते काय कमी आहे?

महाराष्ट्रात हा वाद घालणं परवडतं, कारण तिथे स्टिकरच्या मागचा माणूस लोकांना ठाऊक आहे. राष्ट्र सेवादलातून आलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, लोकनाट्यातून ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातला झेलेअण्णा झालेला. जर्मनीत वाढणाऱ्या मराठी मुलांपाशी यातलं काहीच नाही, फक्त स्टिकर आहे. म्हणून इथून पाहताना मला मीमवर बंदी हवी की नको हा प्रश्न दुय्यम वाटतो. भूमिका पाहायलाच मिळत नाहीत, हे खरं दुखणं आहे. १३ जुलैला, त्यांच्या स्मृतिदिनी, इथल्या मराठी मंडळांनी हार घातलेला फोटो आणि गाजलेल्या संवादांच्या तुकड्यांची चित्रफीत दाखवणं आता सोडावं. तुकडे जोडले की पुन्हा खलनायकच उरतो. एक अख्खा सिनेमा दाखवा, आणि तो ‘सामना’ असू द्या.

‘सामना’च का, याला इथलं कारणही आहे. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७५ साली पश्चिम बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आणि यातला निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याच्या जोरावर सगळा मुलूख मुठीत ठेवणारा माणूस आहे. सहकार म्हणजे काय हे जर्मन माणसाला समजावून सांगावं लागत नाही, सहकारी पतसंस्था उभ्या करणाऱ्या राइफाइझेनचं नाव इथे गावोगावी आहे. सहकारातून सत्ता कशी उगवते, एवढंच त्याला नवं असतं. त्यामुळे उपशीर्षकांत ‘कारखाना’ला नुसतं ‘फाब्रिक’ म्हणू नये. पहिल्यांदा शब्द येईल तिथे सहकारी साखर कारखाना असा पूर्ण शब्द घालावा, पुढे आखूड केला तरी चालतो.

उपशीर्षकं इंग्रजीवरून जर्मनमध्ये आणू नका, थेट मराठीवरून करा. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळे एकाच शब्दात बुडतात. जर्मनमध्ये ‘डू’ (तू) आणि ‘झी’ (तुम्ही) आहेत. हिंदुराव कुणाला कधी अहो-जाहो करतो आणि कुणाला अरे-तुरे करतो, यात त्याची सगळी सत्ता आहे. हे इंग्रजीत हरवतं, जर्मनमध्ये टिकतं. ‘मास्तर’ ही हाक तशीच ठेवा. चित्रपटात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ या प्रश्नाचं जर्मन वाक्य एकदा ठरवून दर वेळी अक्षरशः तेच वापरा. एकच वाक्य पुन्हा नको म्हणून शब्द बदलायची भाषांतरकाराची सवय इथे घात करते. तो प्रश्न जसाच्या तसा परत येतो, म्हणूनच तो पाठ सोडत नाही.

मोजमाप सोपं आहे. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसएक अक्षरं, आणि वाचायला सेकंदाला सुमारे पंधरा अक्षरांचा वेग धरायचा. म्हणजे दोन भरलेल्या ओळींना पाचसहा सेकंद हवेत. पण निळूभाऊंच्या बाबतीत हे गणित पुरत नाही. ते आवाज चढवून धमकी देत नाहीत. खर्जात, जवळजवळ लाडाने बोलतात, वाक्याच्या मध्ये थांबतात आणि मग उरलेलं सोडतात. पूर्ण वाक्य आधीच खाली छापलं तर प्रेक्षक धमकी वाचून मोकळा होतो आणि त्या थांबण्याला काही अर्थच उरत नाही. वाक्य त्यांच्या थांब्यावर तोडा, उरलेला भाग आवाजाबरोबरच येऊ द्या. एवढ्यासाठी एखादी ओळ थोडी घाईत वाचावी लागली तरी चालेल.

तांत्रिक घोटाळे ठरलेले आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर असतो, पाल या युरोपातल्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ वर पळतो. २४ ला बेतलेली उपशीर्षकं त्यावर लावली तर तासाभरात जवळपास अडीच मिनिटं मागे पडतात. शिवाय आवाज चार टक्के चढतो, आणि हा खर्जाचा नट आहे, त्याचा आवाज पातळ करून दाखवायचा तर न दाखवलेला बरा. वेग २४ वर आणा, आवाजही त्याच प्रमाणात उतरवा. चित्र ताणून पडदा भरू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर जर्मनची टिंबवाली अक्षरं फुटतात. आदल्या दिवशी त्याच यंत्रावर पहिला, मधला आणि शेवटचा संवाद तपासा. फक्त सुरुवात तपासली तर मागे पडणारी उपशीर्षकं पकडता येत नाहीत.

परवानगीबाबत मंडळांचा एक गैरसमज आहे, प्रवेश फुकट ठेवला की झालं. जर्मन कायद्यात चित्रपटाच्या जाहीर खेळाला हक्कधारकाची संमती लागतेच, तिकीट असो वा नसो. ती लेखी घ्या. संगीतासाठी ‘गेमा’ या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे वेगळी नोंद करावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘एफएसके’ या चित्रपटांचा वयोगट ठरवणाऱ्या संस्थेचं वयोप्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाच्या जाहीर खेळाला अठरा वर्षांखालच्या कुणालाही बसवता येत नाही. ज्या पोरांकडे स्टिकर आहे तीच बाहेर राहतात. म्हणून वर्गणीतला पहिला पैसा जेवणावर न घालता या प्रमाणपत्रावर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

जब्बार पटेल यांचाच, राजकारणावरचा ‘सिंहासन’ त्याच दिवशी जोडू नका, महिनाभराने दाखवा. वाड्यावरचा माणूस पाहिलेल्या प्रेक्षकाला मग पत्रकार दिगू टिपणीस भेटू दे. तोच नट, तेच डोळे, आणि इथे तो बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो. मंत्री, युनियनचे पुढारी, दलाल बोलतात आणि सगळं त्याच्या चेहऱ्यावर साचत जातं. इथे उपशीर्षकं कमीत कमी ठेवा. मागून येणारं किरकोळ बोलणं भाषांतरित करायचा मोह आवरा, कारण प्रेक्षकाची नजर खाली गेली की दिगूचा चेहरा सुटतो. शेवटी दिगू हसत सुटतो. त्याला उपशीर्षक नाही, कंसातली सूचनाही नको. आणि दिवे लावायला बसलेल्या माणसाला आधीच बजावून ठेवा, आवाज पूर्ण थांबेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.