डिस्कोत आशय शोधणाऱ्यांना

शनिवारी रात्री पुण्याचा मावसभाऊ आणि त्याचे मित्र व्हिडिओ कॉलवर होते. ऑस्ट्रेलियन पॉप गायिका कायली मिनोगचा 'डिस्को' हा अल्बम आदल्याच दिवशी, 6 नोव्हेंबर 2020 ला आला. सगळ्यांनी तो एकदा ऐकला होता आणि निकालही लावून टाकला होता. "शिळ्या कढीला ऊत." "यात आशय काय?" "जग आजारी पडलंय आणि ही बाई नाचायला सांगतेय." मी बाजू घ्यायला लागले तर दादा म्हणाला, "तिकडे राहून तुझी आवडच गोरी झालीये." ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

लंडनमध्ये गुरुवारी दुसरा लॉकडाउन लागला. शुक्रवारी सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून आले आणि कानात हेडफोन घातले. 'मॅजिक'मधली ब्रासची वाद्यं सुरू झाली आणि किती महिन्यांनी खांदे सैल झाले. बाराच्या बारा गाणी उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. मधली दोन-तीन पहिल्या ऐकण्यात एकाच साच्यातली वाटली, 'आय लव्ह इट' अजूनही पकड घेत नाही. पण 'डान्स फ्लोअर डार्लिंग' शेवटाकडे येताना एकदम वेग घेतं, तिथे मी गॅस बारीक करून स्वयंपाकघरात मोज्यांवर नाचले. आणि 'व्हेअर डझ द डीजे गो?' हे नाव तरी वाचा. शहरातल्या प्रत्येक क्लबला कुलूप असताना हा प्रश्न ऐकला की आशय आणखी वेगळा शोधावा लागत नाही. बावन्न वर्षांची ही बाई लॉकडाउनमध्ये रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकली आणि घरात पांघरुणं लावून स्वतःचा आवाज स्वतः रेकॉर्ड करत बसली. एवढी मेहनत थिल्लरपणासाठी कोणी करत नाही.

राहिला 'गोरी आवड'चा मुद्दा. डिस्को सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये वाढलं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या पायांवर. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला आणि हजारोंचा जमाव मैदानात घुसला. 'यात काही दम नाही' असं म्हणणाऱ्यांचाच तो जमाव होता. दादाला हे ठाऊक नसेल, पण सूर तोच आहे.

आणि हाच दादा गेल्या वर्षीपर्यंत विसर्जनाला लक्ष्मी रोडवर चार-चार तास ढोलापुढे नाचायचा. तिथे त्याला कोणी आशय विचारला नाही. मात्रेमात्रेवर पडणारा ठोका छातीत वाजतो, शेजारी अनोळखी माणूस असतो आणि तेवढा वेळ आपण एकटे नसतो. डिस्कोत याहून वेगळं काय आहे?

आपल्याकडचं डिस्को तरी कुठून आलं? 1980 च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' बांधलं ते बंगळुरूहून लंडनला आलेल्या संगीतकार बिद्दूने. गायलं ते पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने, तिचंही बालपण कराची आणि लंडनमध्ये गेलेलं. म्हणजे परक्या शहरात बसलेल्या माणसांनी केलेलं गाणं घराघरांत वाजलं, तेव्हा ते आपलं झालं. मी त्याच शहरात बसून एक गाणं आवडलं म्हणाले, तर मी परकी.

खरं सांगायचं तर राग अल्बमवरून नाहीच. कायली मेलबर्नची, तीस वर्षं लंडनमध्ये राहिलीये. दोन्हीकडचे लोक तिला आपली म्हणतात. मला बारा वर्षं झाली. इथे ऑफिसच्या पार्टीत मी कधी नाचले नाही, पाय उचलतच नाहीत. आणि तिकडच्या मिरवणुकीतली माझी जागा कधीच भरून निघाली असेल. दोन्हीकडे मी कडेला उभी असते, हे दादाला कसं सांगू?

रविवारी आईचा फोन आला. यंदाही दिवाळीला येणं जमत नाही हे सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द निघेना. मागे कायलीचं 'लास्ट चान्स' लागलं होतं, बंद करायचं राहून गेलं. आई मध्येच थांबली.

"नाझिया हसन लावलंयस का गं?"

"नाही गं, दुसरी आहे."

"ठेका तसाच वाटतोय. 'डिस्को दीवाने'ची कॅसेट होती माझ्याकडे, तुझ्या बाबांना आवडायची नाही. थांब, बंद करू नकोस."

मी फोन स्पीकरजवळ नेऊन ठेवला. गाणं संपेपर्यंत पलीकडे ती टेबलावर बोटं वाजवत होती, बांगड्यांसकट.