‘रिटर्न टू होम’ दाबलं की ड्रोन सुखरूप परत येतोच? खुलासा

‘सिग्नल तुटला तरी काळजी नको, ड्रोन अडथळे चुकवून आपोआप घरी येतो’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

‘रिटर्न टू होम’ म्हणजे आपोआप परतण्याची सोय असलेले बहुतेक ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतात आणि तिथून सरळ रेषेत ‘होम पॉइंट’कडे, म्हणजे उड्डाणाच्या वेळी नोंदलेल्या जागेकडे येतात. वाटेत त्याहून उंच झाड असलं आणि अडथळे ओळखणारे सेन्सर नसले तर धडक ठरलेली. सेन्सर असले तरी विजेच्या तारा, निष्पर्ण फांद्या, काच त्यांना नीट दिसत नाहीत. अंधारात तर विचारूच नका. शिवाय ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, त्यामुळे समोर टेकडी असेल तर हिशेब चुकतो. पुलाखाली किंवा छताखाली बटण दाबणं म्हणजे ड्रोन वर आपटवणंच.

म्हणून होम पॉइंट नोंदल्याचा संदेश येईपर्यंत उडवू नका. परतीची उंची परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या १०-१५ मीटर वर ठेवा, पण स्थानिक उंचीमर्यादेत. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरा. समोरून वारा असेल तर त्याही आधी. नावेतून उडवलंत, तर नाव पुढे सरकलेली असते आणि ड्रोन पाण्यात उतरतो.