आई संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नव्हती

ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना बघायला आज दुपारी एका नव्याकोऱ्या हॉस्पिटलात गेले होते. खाली दोन मजले उंच लॉबी, गुळगुळीत ग्रॅनाइट, काचेची भिंत, कॉफीचं दुकान. वर तिसऱ्या मजल्यावर आयसीयूच्या दाराशी जिन्याच्या पायरीवर एक आजी बसलेल्या. नऊवारी, मांडीवर डब्याची पिशवी. मला हळूच म्हणाल्या, "बाई, संडास कुठंय गं?" वॉचमनने सांगितलं, नातेवाइकांचं तळमजल्यावर, पार्किंगच्या मागे. मी घेऊन जाते म्हटलं, तर म्हणाल्या, "नगं. मी गेले अन् डॉक्टर बाहेर आले तर? त्यापरीस मी पाणीच पीत न्हाई."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. हेच मी आधी ऐकलंय, माझ्या आईकडून.

२०१९ साली बाबांची बायपास झाली, पुण्यात. आम्ही बार्शीकडचे. पेशंटमागे एकच पास, त्यामुळे रात्री आई थांबायची, कुणाचं ऐकायची नाही. नऊ रात्री ती जिन्याच्या वळणावर सतरंजी टाकून झोपली. पहाटे पाचला मावशी यायच्या, "उठा, फरशी पुसायचीय." बाथरूम तळमजल्यावर, आईचे गुडघे आधीच गेलेले. म्हणून ती संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नव्हती. आम्हाला हे कळलं दहाव्या दिवशी, तिला थंडी वाजून ताप भरला तेव्हा. लघवीचं इन्फेक्शन. बाबा घरी आले आणि आईला सलाईन लागलं.

आता मला सांगा, आपल्याकडे कुठला पेशंट एकटा अ‍ॅडमिट होतो? औषधं मेडिकलमधून आणायची कुणी? रक्ताची पिशवी, रिपोर्ट, बिल काउंटर, रात्री कूस बदलायला मदत, सगळं घरचं माणूस करतं. त्या माणसाच्या जिवावर हॉस्पिटल चालतं आणि नकाशात त्याला जागा नाही! पडायला बाक नाही, डबा खायला कोपरा नाही, फोन चार्ज करायला प्लग नाही. सिंगल रूम घेतली तर सोफा मिळतो. जनरल वॉर्डवाल्याने फरशीवर पडायचं. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर राहणारी कुटुंबं आपण वर्षानुवर्षं बघतोय. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा नसती तर त्यातल्या कितीजणांनी उपचार अर्धवट टाकले असते? बुवांना हे कळलं होतं, १९५६ साली ते गेले त्याच्या कितीतरी आधी. आज लाखो रुपये फी घेऊन नकाशा काढणाऱ्यांना का कळू नये?

आणि पेशंटचा तरी विचार कुठे होतो? बाबांच्या कॉटवरून खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसायचे, आणि वर डोळ्यांत घुसणारी ट्यूब, रात्रभर चालू. फिनलंडमध्ये आल्वार आल्टो नावाच्या वास्तुविशारदाने १९३३ साली क्षयरोग्यांसाठी पायमिओचं सॅनेटोरियम बांधलं, तेव्हा आडव्या पडलेल्या माणसाला दिवसभर छतच दिसणार म्हणून छताला शांत रंग दिला. बेसिन असं घडवलं की पाणी पडल्याचा आवाज होऊन शेजारच्याची झोप मोडू नये. नव्वद वर्षांपूर्वी! अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवून दिलं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. आपल्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांना उंच छत, समोरासमोर खिडक्या, व्हरांडे आणि आवारात झाडं असायची. झाडाखाली डबा तरी खाता यायचा. ते मोडून आपण काचेचे डबे उभे केले. आमच्या सोलापूरकडच्या उन्हात काच! वीज गेली, जनरेटर अडला की आत काय होत असेल?

हो, मान्य आहे, आयसीयूत गर्दी नको, इन्फेक्शनची भीती असते. आपले लोकही एका पेशंटमागे पंधराजण जातात. शहरात जागा महाग आहे, तेही मान्य.

पण लॉबीला जागा मिळते ना?

लिहिता लिहिता अजून एक आठवलं आणि अंगावर काटा आला. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरला आयसीयू पेटला. तेव्हा टीव्हीसमोर बसून मला एकदम उमगलं, आई झोपायची तो आग लागल्यावर बाहेर पडायचा जिना होता. दारावर हिरवी पाटीही होती. त्या जिन्यात रोज रात्री पंचवीस-तीस माणसं, पिशव्या, चटया. काही झालं असतं तर वरचे पेशंट खाली आणायचे कुठून, आणि माझी आई कुठे असती? त्या माणसांना हाकललं तर ती जाणार कुठे, हे कुणी विचारत नाही.

डॉक्टरांना मारहाण होते तेव्हा मला चीड येते, त्याला माफी नाहीच. पण बंद दारासमोर चार-चार दिवस उभं राहिलेलं, न झोपलेलं, न जेवलेलं माणूस मी बघितलंय. माझा भाऊच होता तो. भांडखोर नाहीये तो, तरी एका रात्री सिस्टरवर ओरडला आणि नंतर जिन्यात बसून रडला. त्या मजल्यावर एक खोली असती, चार बाक, पाण्याचा कूलर, एक बाथरूम आणि दिवसातून दोनदा तिथे येऊन बोलणारा एक डॉक्टर, तर तो ओरडला नसता.

आजींना शेवटी मी घेऊन गेले. मैत्रिणीला त्यांच्या जागेवर बसवलं, "डॉक्टर आले तर फोन करते" असं तिने आजींना तीनदा सांगितलं, तेव्हा उठल्या. येताना पाण्याची बाटली घेऊन दिली. अर्धी घटाघटा प्यायल्या.

मित्रयादीत आर्किटेक्ट बरेच आहेत, डॉक्टरही. या हॉस्पिटलच्या विश्वस्तांपैकी कुणाची ओळख असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. तिसऱ्या मजल्यावर स्टाफचं म्हणून कुलूप लावलेलं एक बाथरूम आहे, मी बघून आलेय. त्याच्या किल्लीबद्दल बोलायचंय. उद्या आजींचा डबा घेऊन जाणारच आहे.