आधी मार्गदर्शकाशीच बोला?
संशोधक विद्यार्थ्याने लेखी तक्रार देण्याआधी मार्गदर्शकाशी बोलून ती मिटवावी, हा विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरच्या लेखातला सल्ला पटला नाही. गुणांची बेरीज चुकली असेल तर ठीक आहे. पण तक्रारच मार्गदर्शकाविरुद्ध असेल तर? प्रबंधावर सही त्यांची, शिष्यवृत्तीच्या प्रगती अहवालावर सही त्यांची, पुढे नोकरीसाठी शिफारसपत्रही त्यांचंच. माझ्या मैत्रिणीचं नाव शोधनिबंधातून वगळलं गेलं. ती नियमाप्रमाणे आधी मार्गदर्शकांकडेच गेली आणि बोलणी चालू असताना तक्रारीची मुदत उलटून गेली!

विद्यापीठांच्या आचारसंहितेत विद्यार्थ्याने काय करू नये याची पानंच्या पानं असतात. तक्रारीनंतर मार्गदर्शक बदलून मिळेल का, तोवर शिष्यवृत्ती चालू राहील का, हे मात्र क्वचितच सापडतं. लेखकाने त्यावर लिहायला हवं होतं.