वॅग्नरच्या कार्डाची फिरती गोष्ट

तंबाखूविरोधी दिन आला की एक पोस्ट हमखास फिरते. १९०९मध्ये एका अमेरिकन सिगारेट कंपनीने पाकिटातल्या कार्डावर बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं चित्र छापलं. त्या निर्व्यसनी माणसाने ते बंद पाडलं. त्यात गावाच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं. म्हणून ते सगळ्यांत दुर्मीळ कार्ड, आणि २०२२मध्ये किंमत ७२.५ लाख डॉलर!

किंमत खरी आहे. बाकीचं तपासायला हवं.

वॅग्नर निर्व्यसनी नव्हता. तो तंबाखू चघळायचा, सिगारही ओढायचा. आपलं चित्र पाहून पोरांनी सिगारेटी घेऊ नयेत असं त्याला वाटे, असं घरच्यांनी पुढे सांगितलं, आणि ते मला पटतं. पण स्वतः तंबाखू खाणाऱ्याने पोरांची काळजी करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

‘मिळणारे पैसे त्याला कमी वाटले, म्हणून नकार दिला’ असं कुणी कुणी पोस्टखाली लिहितात. १९१२च्या ‘स्पोर्टिंग न्यूज’ या अमेरिकन क्रीडापत्रातली हकिकत वाचा. वॅग्नरची परवानगी मिळवून दिली तर जॉन ग्रुबर या पत्रकाराला कंपनीकडून दहा डॉलर मिळायचे होते. वॅग्नरने नकार कळवला, आणि ग्रुबरचं नुकसान नको म्हणून पत्रासोबत स्वतःचा दहा डॉलरचा चेक जोडला. पैशासाठी अडून बसलेला माणूस असं करत नाही.

मुळात परवानगी विचारली का गेली, हे पोस्टमध्ये नसतंच. १८८०च्या दशकात ड्यूकसारख्या सिगारेट कंपन्या नट्यांचे फोटो पाकिटात घालत, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये परवानगी सक्तीची करणारा कायदाच नव्हता. अबिगेल रॉबर्सन ही तरुणी पिठाच्या जाहिरातीवर आपला चेहरा विनापरवानगी छापला म्हणून कोर्टात गेली आणि १९०२मध्ये हरली. लोक खवळले. १९०३मध्ये न्यूयॉर्कने जाहिरातीसाठी लेखी संमती सक्तीची केली. कार्ड काढणारी अमेरिकन टोबॅको कंपनी न्यूयॉर्कचीच. वॅग्नरच्या ‘नाही’ला वजन आलं ते या कायद्यामुळे, असं माझं मत आहे.

स्पेलिंग चुकलेलं नाही. कार्डावरच्या ‘पिट्सबर्ग’ या वॅग्नरच्या संघाच्या गावाच्या नावातलं शेवटचं ‘एच’ सरकारनेच १८९१मध्ये काढलं होतं, ते १९११मध्ये परत आलं.

आणि सर्वांत दुर्मीळ? त्याच मालिकेतलं ज्यो डॉइल या खेळाडूचं, चुकीच्या लीगचं नाव छापलेलं कार्ड त्याहून कमी सापडतं. वॅग्नरला भाव आहे तो खेळाडू म्हणूनही: आठ वेळा फलंदाजीत अव्वल, आणि १९३६मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत निवडलेल्या पहिल्या पाचांतला एक.